नव्या बोर्डावरचा मंगळ

“बोर्ड गेला, काका,” कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमधून डोकं बाहेर काढत सुकुमार मगदूम म्हणाला. “ह्ये बघा, हितं समदं पांढरं पडलंय. आणि ही काय, झेंडूची पाकळी.”

गुळवणीकाकांनी ती पाकळी हातात घेऊन कपाळाला लावली. मला हसू आवरेना, पण पगार त्यांच्या हातात होता. आदल्या दिवशी खंडेनवमीला त्यांनी दुकानातल्या एकुलत्या एक कॉम्प्युटरची साग्रसंगीत पूजा केली होती. हळद, पिंजर, झेंडूची माळ, सगळं रीतसर. उकाड्यामुळे आमच्या कॅबिनेटची एक बाजू कायमची उघडी असायची आणि तिच्यासमोर टेबलफॅन फिरायचा. काकांनी नारळ फोडला, वाटीतलं पाणी भक्तिभावानं चहूकडे शिंपडलं, आणि देव प्रसन्न व्हायच्या आधीच मशीननं फट् करून प्राण सोडला. “निदान स्विच तरी बंद करा,” असं मी म्हटलं होतं. त्यावर काका म्हणाले होते, “पूजा करताना देवाला झोपवतात का गं?”

हे कुरुंदवाडचं दुकान. टायपिंग, लग्नाची कार्डं, आणि मुख्य म्हणजे कॉम्प्युटरवर जन्मकुंडली. पंचक्रोशीत दुसरीकडे कुठे कुंडली निघायची नाही, त्यामुळे काकांचा भाव वधारलेला. कुंडलीचा प्रोग्रॅम त्यांनी पुण्याच्या एका माणसाकडून घेतला होता, आणि तो माणूस पुढे दुकान गुंडाळून कुठे गेला ते ब्रह्मदेवालाही ठाऊक नव्हतं. हार्डडिस्कमध्ये होता तेवढाच तो प्रोग्रॅम. ती पुसली की धंदा पुसला.

“हार्डडिस्कला हात लावायचा नाही,” काकांनी बजावलं.

“कशाला लावतोय? मदरबोर्ड तेवढा बदलतो. प्रोसेसर, रॅम, डिस्क, डबा, समदं तुमचंच ऱ्हाईल.”

“मग बदलायचाच तर थोडा वरचा टाक. पुन्हा पुन्हा कोण खर्च करतंय.”

सुकुमारनं सांगलीहून वरचा बोर्ड आणला. जुनी रॅम बसली, जुना प्रोसेसर बसला, पण विंडोज काही उभं राहीना. नुसता निळा पडदा. त्याच्या बोलण्यावरून मला कळलं ते इतकंच, की जुन्या डिस्कला नवा बोर्ड ओळखीचा वाटत नव्हता. शेवटी त्यानं जुन्या फायलींना धक्का न लावता वरून पुन्हा विंडोज घातलं. संध्याकाळी पडदा उजळला, कुंडलीचा प्रोग्रॅम जागच्या जागी होता, आणि काकांनी सगळ्यांना पेढे दिले. पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ तेवढं भलतीच वेळ दाखवत होतं. सुकुमारनं ते मनगटावरच्या घड्याळाबरोबर लावलं आणि पिशवी उचलली. त्याचं काम चोख असायचं. त्या दिवशीही ते चोखच दिसत होतं.

आता घरचं सांगते. आम्ही कासार. बाजारपेठेत समोरच्या खोलीत आजीचं बांगड्यांचं दुकान, मागच्या दोन खोल्यांत आम्ही तिघी: आजी, आई आणि मी. मी रांगत होते तेव्हा वडील कृष्णेच्या डोहात बुडाले. पट्टीचे पोहणारे होते म्हणतात. आजीला एकच मुलगा. तिनं ते दुःख जसं जमलं तसं रिचवलं, म्हणजे आईवर घातलं. “माहेरच्यांनी मंगळ लपवून पोरगी गळ्यात मारली,” हे तिचं पहिल्या दिवसापासूनचं म्हणणं. आईची कुंडली तिनं त्याच सुतकात चुलीत घातली होती, त्यामुळे पुरावा कुणाकडेच नव्हता, ना आजीकडे ना आईकडे.

तेव्हापासून आजी आईशी थेट बोलत नसे. एका खोलीत, एका दिव्याखाली बसून निरोप माझ्यामार्फत जायचे. “वैजू, सांग तुझ्या आईला, दूध उतू चाललंय म्हणावं.” दूध दोघींच्या मध्ये असायचं. आणि मी बोलू लागायच्या आधी हे निरोप कुणामार्फत जात होते, हा प्रश्न मला मोठी झाल्यावर पडला. आईनंच सांगितलं, “मांजराला सांगायच्या.”

आई, इंदुमती तिचं नाव, सगळं सोसायची. उष्टी काढायची, बांगड्यांच्या पेट्या पुसायची, गिऱ्हाइकाच्या हातात बांगडी भरायला मात्र तिला मज्जाव. सवाष्णीच्या हाताला हिचा हात नको. त्यावरही आई गप्प. पण मंगळाचं नाव निघालं की मान वर करून म्हणायची, “माझ्या कुंडलीत मंगळ नव्हता. माझा बाप खोटं वागला नाही.” एवढं एकच वाक्य. आजी फणकारायची, “सुंभ जळला तरी पीळ जाईना,” आणि ते मात्र ती कुणामार्फत नव्हे, भिंतीकडे बघून बोलायची. त्या एका वाक्यावर माझी आई उभी होती. दुसरं तिच्यापाशी होतं काय?

दिवाळी झाली, तुळशीचं लग्न लागलं, आणि निपाणीच्या वेल्हाळांचं स्थळ माझ्यासाठी चालून आलं. मुलगा साखर कारखान्यात केमिस्ट. नाव श्रीधर. बघायला आला तेव्हा त्यानं मला विचारलं, “तुम्ही टायपिंग मराठी करता की इंग्रजी?” मी म्हटलं, “दोन्ही.” तो म्हणाला, “मला एकही येत नाही,” आणि स्वतःच हसला. मला तो आवडला. उगाच आडपडदा कशाला, फार आवडला. पुढचे कितीतरी दिवस मी काम नसताना त्याचं नाव वेगवेगळ्या टायपात टाइप करून बघत होते आणि पुसत होते.

बोलणी ठरत आली आणि श्रीधरचे वडील माझी कुंडली हातात धरून म्हणाले, “तशी ही ठीक दिसत्ये. छत्तीसातले अठ्ठावीस गुण जुळतात. पण बाई, हाताची कुंडली कुणीही वळवून देतो हो. कॉम्प्युटरची काढून घेऊ या. मशीन काय कुणाचं पाहुणं नसतं.”

माझी कुंडली मी लहान असताना आईनं गावातल्या एका जोशीबुवांकडून करवून घेतली होती. बुवा कधीच वारले होते. आई म्हणाली, “काढा की. हातच्या काकणाला आरसा कशाला, पण काढा.”

मी त्याच दुकानात कामाला, त्यामुळे काकांनी मला खुर्चीवरून उठवलं. “तू बाहेर बस. उद्या कुणी म्हणायला नको.” मी पायरीवर जाऊन बसले. आत प्रिंटरचं करकरणं ऐकू येत होतं. मग ते थांबलं. वेल्हाळ बाहेर आले ते माझ्याकडे न बघता चपला घालू लागले. काका त्यांच्या मागून आले, चेहरा पडलेला.

“काय झालं काका?”

“रास तीच आली गं. नक्षत्रही तेच. पण लग्नरास वेगळी आली, आणि मंगळ... अष्टमात आहे.”

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. मुलीच्या कुंडलीत आठवा मंगळ म्हणजे नवऱ्याच्या आयुष्यावर गदा, असं आमच्याकडे मानतात. मी मानत होते का? पायरीवर बसलेली असताना तरी मानत होते.

वेल्हाळ त्याच पावली घरी आले. आवाज चढवला नाही, हेच जास्त लागलं. “बाई, तुमच्या यजमानांचं आम्ही ऐकून होतो,” ते आईला म्हणाले. “तरी आलो. पण तुम्ही हाताची कुंडली वळवून घेतलीत, हे बरं केलं नाही. एकच मुलगा आहे आम्हांला.”

आई म्हणाली, “मी काही वळवलं नाही.”

“मग मशीन खोटं बोलतंय?”

ते गेले. आजी बांगड्यांच्या पेटीवरची धूळ झटकत होती. ती भिंतीला म्हणाली, “आईबापानं केलं तेच लेकीचं केलं. लपवायचं आणि द्यायचं.”

“माझ्या बापानं काही लपवलं नव्हतं,” आई म्हणाली. तेच वाक्य, तशीच मान वर. पण ह्या खेपेला ती माझ्याकडे बघत होती, आणि मी खाली बघत होते.

मग आमच्या घरात एक नवलच घडलं. थोडे दिवस गेले असतील. मी कामावरून आले तर आजी पाटावर बसलेली, आई चुलीपाशी, आणि आजी म्हणाली, “इंदू, तूही घे वाढून. किती वेळ उभी ऱ्हाशील?”

माझ्या हातातली पिशवी तशीच राहिली. इंदू! हे नाव त्या तोंडातून निघालेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं. आईनं ताट घेतलं आणि आजीच्या शेजारी बसून खाली मान घालून जेवली. दुसऱ्या दिवशी आजीनं तिच्या हातचा चहा घेतला. पुढच्या बाजाराला तिला दुकानात बसवलं. सवाष्णींच्या हातात बांगड्या भरायला नव्हे, पण गल्ल्यापाशी. रात्री आजीचे पाय दुखायचे, ते आई चेपू लागली आणि आजी चेपून घेऊ लागली. मला वाटलं, माझं लग्न मोडलं त्या दुःखानं म्हातारी विरघळली. एकाचं मोडतं आणि दुसऱ्याचं जुळतं, असंही होतं म्हणायचं. श्रीधरसाठी रडू यायचं ते मी मोरीत जाऊन रडून घ्यायची, कारण बाहेर दोघी शेंगा फोडत गप्पा मारत असायच्या आणि त्यांचं बिघडवावं असं वाटायचं नाही. आई मात्र फारशी बोलायची नाही. नुसती ‘हो आत्याबाई, खरं आत्याबाई’.

नरसोबाच्या वाडीचे एक गुरुजी कधीमधी आमच्याकडून कुंडल्या काढून न्यायचे. गोल, गोरे, विनोदी गृहस्थ. मार्गशीर्षात एकदा ते आले आणि काकांच्या टेबलावर कागद ठेवून म्हणाले, “गुळवणी, हे पोर भर दुपारी बारा वाजता जन्मलं. मी तेव्हा त्या घरी जेवायला बसलो होतो. आणि तुमच्या कागदात सूर्य पार पायथ्याशी, मध्यरात्र उलटल्यासारखा. काय, गावात सूर्य दोन आहेत का?”

काका हसले. मग हसायचे थांबले. सुकुमारला बोलावणं गेलं. त्यानं कोपऱ्यातल्या घड्याळावर दोनदा टिचकी मारली, एक छोटी खिडकी उघडली, आणि कान खाजवत राहिला.

“काय रे?”

“वेळ बरोबर हाय, काका. पण देश अमेरिका ऱ्हायलाय.”

वरून विंडोज घातलं तेव्हा ते अमेरिकेचं घड्याळ घेऊन आलं होतं. सुकुमारनं काटे तेवढे जुळवले होते, देश बदलला नव्हता. कोपऱ्यात वेळ कुरुंदवाडची दिसायची, आणि कुंडलीचा प्रोग्रॅम मात्र आतून देश विचारून घ्यायचा. त्याच्या हिशोबी खंडेनवमीपासून आमच्या दुकानात आलेलं प्रत्येक मूल अमेरिकेत जन्मलं होतं. चंद्र सावकाश चालतो म्हणून राशी बहुतेकांच्या तशाच राहिल्या आणि कुणाला शंका आली नाही. लग्नरास दर दोनेक तासांनी पालटते, त्यामुळे त्या तेवढ्या पार उलट्यापालट्या झाल्या.

“काका, माझी काढा. आत्ताच्या आत्ता.”

सुकुमारनं देश बदलला. काकांनी माझी जन्मवेळ घातली. कुंडली पडद्यावर आली. मंगळ तिसऱ्या घरात होता, अगदी जोशीबुवांनी काढला होता तिथेच. मी खुर्चीत बसले आणि रडू लागले, आनंदानंच. श्रीधरचं अजून कुठे ठरलं नव्हतं, हे मला माहीत होतं. असल्या बातम्या बांगड्यांच्या दुकानात आपोआप येतात.

काका इकडे घामाघूम. “वैजू, हे गावभर करू नकोस गं. एवढ्या लोकांना कागद दिलेत मी. दुकान बंद पडेल.” मग घसा खाकरून म्हणाले, “तुझ्या आईचीही काढून ने. त्या आल्या होत्या.”

“कधी?”

“तुझं मोडलं, त्यानंतर. तू जेवायला गेली होतीस. म्हणाल्या, माझी जन्मवेळ पक्की आहे, माझी काढून द्या, मला घरी दाखवायचीय. वैजूला सांगू नका म्हणाल्या. मी काढून दिली.” काका माझ्याकडे बघेनात. “मंगळ सातवा आला होता.”

आईची कुंडली मी स्वतः काढली. घाईत तारीख दोनदा चुकली. मंगळ दुसरा. दोषाच्या कुठल्याच घरात नाही. माझा आजोबा खोटं वागला नव्हता. इतकी वर्षं ती जे म्हणत होती ते शाईत छापून माझ्या हातात होतं, आणि मी ते घेऊन बाजारातून जवळजवळ पळत घरी गेले.

आजी समोर गिऱ्हाइकाच्या हातात बांगड्या भरत होती. मी तशीच आत गेले. आई तांदूळ निवडत होती.

“आई, मशीनच चुकलं होतं. माझा मंगळ नाही. तुझाही नाही. हे बघ!”

तिनं कागद घेतला. बराच वेळ बघितला. तिला कुंडली वाचता येत नव्हती, पण ती बघत राहिली. मग पहिला प्रश्न विचारला तो असा: “आत्याबाईंना सांगितलंस?”

“अजून नाही. आता सांगते.”

“थांब.” तिनं मला मनगटाला धरून खाली बसवलं. “आधीचा कागद मी त्यांच्या पुढ्यात ठेवला होता. म्हटलं, तुम्ही खऱ्या होता, मी खोटी. तुमचा लेक माझ्यापायी गेला. मला वाटलं, आता ह्या मला घराबाहेर काढणार. त्या रडल्या. मला जवळ घेऊन रडल्या वैजू. म्हणाल्या, एवढं एकदा कबूल केलं असतंस तर मी तुला कधीच पदरात घेतलं असतं.”

“पण ते खरं नाही ना!”

“हळू बोल.” समोरच्या खोलीत बांगड्या किणकिणत होत्या. “इतकी वर्षं मी खरी होते. काय मिळालं? माणसानं माणसाशी बोलावं, एवढंही मिळालं नाही. आता आजचा दिवस बघ. सकाळी माझ्या डोक्याला तेल लावलं त्यांनी.”

“आणि माझं लग्न?”

तिनं तांदळाचं सूप बाजूला सारलं. तिचा चेहरा इतका थकलेला मी कधी पाहिला नव्हता. “तुला सांगायचं तर सांग. मी अडवणार नाही. वेल्हाळांना कळवलं की मशीन चुकलं हे सगळीकडे होणार, आत्याबाईंच्याही कानावर येणार. येऊ दे. माझं झालं तेवढं खूप झालं.”

तेवढ्यात बाहेरून आजीची हाक आली. “इंदू, जरा ये गं. सुईत दोरा ओवून दे.”

आई उठली. उठताना तिनं लगबगीनं पदर सारखा केला, नव्या नवरीसारखा. ती लगबग मी बघितली. मी निपाणीला पत्र लिहिलं नाही. मला कुणी थोर म्हणू नये. त्या रात्री मी आईचा आणि आजीचा दोघींचाही राग राग केला, आणि नंतरही बरीच वर्षं करत होते. पण कळवलं नाही, हे खरं. फाल्गुनात श्रीधरचं लग्न झालं. मला आठव्या मंगळाची मुलगी म्हणून स्थळं येईनाशी झाली, आणि पुढे फार उशिरा, कुंडली-बिंडली न मानणाऱ्या एका विधुराशी माझं लग्न झालं. माणूस चांगला आहे. तक्रार नाही.

आजी त्यानंतर बरीच वर्षं जगली. शेवटी अंथरुणाला खिळली तेव्हा आईनं तिचं सगळं केलं. मी माहेरी गेलेली असताना एकदा आजी तिचा हात धरून म्हणाली, “इंदू, तुझ्या मंगळानं माझं पोर नेलं. पर मी तुला माफ केलंय हां.” आई म्हणाली, “हो आत्याबाई.” मी दारात उभी होते. मला वाटलं, पुढे होऊन ओरडावं. पण आईनं माझ्याकडे पाहिलं, आणि मी दारातून मागं फिरले.

आजीच्या तेराव्याला पाहुणे जमले. निपाणीकडचेही काही आले होते. जेवणं आटोपल्यावर त्यांतली एक म्हातारी आईला म्हणाली, “तुझं नशीबच तसलं बघ, पण सासूनं शेवटी पोटाशी घेतलं हो.” माझा संयम सुटला. आईला मी मागच्या खोलीत नेलं, दार लोटलं, आणि म्हटलं, “आता आजी नाही. आता कुणाचं मन राखायचंय? आज सगळ्यांसमोर सांगू या, की तुझ्यात दोष नव्हता. मशीन चुकलं होतं.”

आई पलंगाच्या कडेवर बसली. पूर्वी मंगळाचं नाव काढलं की तिची मान जशी वर व्हायची, तशी होईल म्हणून मी वाट बघत होते.

“मशीन एकदा चुकलं म्हणतेस,” ती हळूच म्हणाली. “मग दुसऱ्यांदा बरोबर आलं, हे कशावरून?”

“आई, अगं देश चुकीचा होता! मी स्वतः बघितलंय. तूच म्हणायचीस ना, माझा बाप खोटं वागला नाही?”

“म्हणायची. तेव्हा तरुण होते.” तिनं पायाशी पडलेली चादर उचलली आणि घडी घालायला घेतली. “असेल मंगळ, बाई. तुझे वडील तर गेलेच ना.”